सीट पुढं घ्या, सर

माझ्या सध्याच्या गाडीला गिअर नाहीत. म्हणजे असतील आत कुठंतरी, पण मला टाकावे लागत नाहीत. ही गाडी घ्या असं मला ज्या माणसानं सांगितलं, त्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात तीस वर्षं गिअरचे दाते कापले होते, आणि बिनगिअरची गाडी समोरून गेली तरी तो तोंड फिरवायचा. मग मलाच असा सल्ला का, असं मी विचारलं, तर म्हणाला, की सर, तुमच्या डोक्यात आधीच लई गर्दी हाय. आता ही काळजी होती, कौतुक होतं की शिवी होती, ते मला आजवर कळलेलं नाही. खरं सांगायचं तर ह्या माणसाबद्दल मला कळलं असं फार थोडं आहे, आणि तेही उशिरा.

हा माणूस म्हणजे अण्णा, आमचे घरमालक. खाली ते आणि काकी, त्यांचा मुलगा पुण्याला, वर आम्ही तिघं, मी, बायको आणि सहा महिन्यांचं पोर. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. माझं मूळ गाव मलकापूर, आई तिथंच असते. पोर झाल्यावर बायकोनं निक्षून सांगितलं, की ह्याला घेऊन मी स्कूटरवर मलकापूरला येणार नाही, गाडी घ्या नाहीतर आईंना इकडं बोलवा. आई गाव सोडून येणाऱ्यातली नव्हती. म्हणजे गाडी घेणं आलं, मला येत नव्हती म्हणून शिकणं आलं, आणि आमच्या कॉलनीत गाडी घेणं आलं म्हणजे अण्णा आले.

रविवारी सकाळी अण्णा दारच्या कट्ट्यावर बसायचे. पायजमा, बंडी आणि हातात चहाचा पितळी पेला. कॉलनीतली माणसं एकेक करून यायची आणि कुठली गाडी घेऊ म्हणून विचारायची. अण्णा कधीच बजेट विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, घरात सगळ्यात बुटकं कोण हाय? त्यांचं म्हणणं असं, की उंच माणसाला वाकता येतं, बुटक्याला वाढता येत नाही, म्हणून गाडी बुटक्याच्या मापानं घ्यावी. रंग विचारणाऱ्याला ते सायकल घ्यायला सांगत. ॲव्हरेज विचारणाऱ्याला म्हणत, गाडी घरातच ठेवा, लई ॲव्हरेज दील.

कॉलनीतले एक दातांचे डॉक्टर भली दांडगी गाडी घ्यायची म्हणून आले होते. अण्णांनी आतून टेप आणली, डॉक्टरांना घेऊन त्यांच्या घराच्या बोळात गेले आणि बोळ मोजला. मग म्हणाले, गाडी आत जाईल, पण तुम्ही दार उघडून बाहेर कसं येणार? डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं आणि तीच गाडी घेतली. अजून ती हमरस्त्यावर एका बंद दुकानासमोर उभी असते आणि डॉक्टर घरापासून तिथपर्यंत सायकलनं जातात. अण्णांना ह्याचा आनंद झाला असेल म्हणावं तर तसंही नाही. डॉक्टर सायकल चालवतात ते ब्येस झालं, प्रकृतीला बरं, एवढंच म्हणाले.

बिनगिअरच्या गाड्यांवर मात्र त्यांचा राग खरा होता. माझ्याबरोबर एकदा शोरूमला आले. आत बसले, डोळे मिटले आणि बंद गाडीचे गिअर पुढं-मागं करत राहिले. विकणारा मुलगा स्क्रीन किती मोठी आहे ते सांगत होता. अण्णा म्हणाले, टीव्ही घरात हाय आमच्या. मग त्यानं दोन प्रकारच्या ऑटोमॅटिक अण्णांना चालवायला दिल्या. पहिलीबद्दल अण्णांचं मत, की ह्याच्यात एक न दिसणारा गडी बसलाय आन् त्याला पगार कमी मिळतोय, म्हणून प्रत्येक गिअरला जरा थांबून इचार करतोय. दुसरीबद्दल म्हणाले, ही आधी वरडती, पळती मागनं. तो मुलगा हसू की नको अशा तोंडानं उभा राहिला. मीही तसाच उभा होतो, कारण मला त्या दोन्ही गाड्या एकदम छान वाटल्या होत्या.

तसा त्यांच्या बोलण्याला मेळ नसायचाच. हॉर्न म्हणजे भित्र्याचं हत्यार, असं सांगणारा हा माणूस स्वतःच्या दारात आला की चहा टाक म्हणून काकींना सांगायला तीनदा हॉर्न मारायचा. सोमवारी म्हणायचे, हाफ क्लचवर गाडी धरणं म्हणजे पाप. मंगळवारी म्हणायचे, घाटात हाफ क्लच आला न्हाई तो डायवरच न्हवं. मी भूगोलाचा माणूस, मला नकाशात एक गाव एकाच ठिकाणी लागतं. अण्णांच्या नकाशात सगळं हलायचं.

त्या शोरूममधून परत येताना मी स्कूटर घराकडे वळवली, तर मागून अण्णा म्हणाले, सरळ घ्या. असं सरळ सरळ करत त्यांनी मला एका डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं. तिथं त्यांचं नाव आधीच लिहिलेलं होतं. शोरूम हे घरातून निघायचं निमित्त होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी बाहेर बाकड्यावर बसलो. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात थेंबांची बाटली होती. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, कडेचं विझत चाललं होतं. तिथल्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं.

स्कूटरजवळ येऊन त्यांनी बाटली खिशात खोल सरकवली. मग म्हणाले, "हिला कळू द्यायचं न्हाई, सर. हिला कळलं की पुण्याला फोन जाणार आन् पोरगं येऊन गाडी इकून टाकणार. दारात गाडी न्हाई म्हणजे मी कुणीतरी न्हेईल तिकडं जाणारा माणूस. ते मला व्हायचं न्हाई."

मी कुणाला सांगणार नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घरी जाऊन बायकोलाही सांगितलं नाही. पण मला भीती होती, की आता हे अशा डोळ्यांनी गाडी चालवत राहिले तर काय? अण्णांनी तसं केलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंग धरलं नाही. काकींना सांगितलं, कंबर धरलीय. आणि दोनच दिवसांनी जिन्यातून मला हाक मारून म्हणाले, की तुमाला शिकायचंच हाय न्हवं, मग माझ्याच गाडीवर शिका, गाडी उभी राहून बॅटरी तरी कशाला उतरवायची?

आता इथं काकींचं सांगायला पाहिजे. काकी चणीनं एवढ्याशा आणि आवाजानं केवढ्यातरी. वीस वर्षांपूर्वी अण्णांनी पहिली गाडी घेतली तेव्हा काकींना शिकवायची म्हणून ते त्यांना गडमुडशिंगीला, म्हणजे काकींच्या माहेरी घेऊन गेले. खळ्यावर मोकळी जागा होती. काकींचे भाऊ बांधावर बसून बघत होते. काकींनी क्लच एकदम सोडला आणि गाडी उसळून कडब्याच्या गंजीत घुसली. लागलं कुणालाच नाही. पण अण्णा भावांच्या देखत म्हणाले, हिला गिअर आणि उलथनं ह्यातला फरक कळत न्हाई. भाऊ हसले. काकी खाली उतरल्या, अंगावरचा कडबा झाडला आणि सगळ्यांसमोर जोतिबाची आण घेतली, की तुमच्याकडनं गाडी शिकणार न्हाई.

जोतिबा दोघांचं कुलदैवत. त्यामुळं विषय तिथंच संपला. हे मला अण्णांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, तोंडाला रिव्हर्स नसतोय. मग काकींनी ड्रायव्हिंग क्लासला जायचं, असं मी सुचवलं. तर म्हणे ते वीस वर्षांत शंभरदा सुचवून झालंय. काकी क्लासला जायला तयार नव्हत्या, कारण काय, तर घरात एवढा मोठा शिकवणारा असताना बायको बाहेर शिकाय गेली तर ह्यांची किंमत काय राहील! म्हणजे नवऱ्याकडून शिकायचं नाही ही आण, आणि दुसऱ्याकडून शिकायचं नाही हा नवऱ्याचा मान. मी ह्यावर डोकं चालवायचं सोडून दिलं.

शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी कॉलेजवरून आलो की अण्णा पुढं शेजारी, मी स्टिअरिंगवर आणि काकी मागं, पिशवी घेऊन. गडमुडशिंगीच्या रस्त्याला भाजी ताजी मिळते, असं त्यांचं म्हणणं. भाजी तर आमच्या कोपऱ्यावरही ताजीच मिळायची. पण घरमालकिणीला कोण विचारणार?

पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "सीट पुढं घ्या, सर."

मी घेतली. अजून पुढं. मी अजून घेतली. आणखी पुढं. माझी उंची चांगली पावणेसहा फूट. गुडघे स्टिअरिंगला लागले, छाती हॉर्नला. म्हटलं, अण्णा, हे काय? तर म्हणे, क्लच तळाला गेला पायजे. अहो, माझा पाय पार बॉनेटपर्यंत पोचला असता! पण ते ऐकेनात. आरसासुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं असा खाली वाकवला, की मला मागच्या काचेऐवजी मागच्या सीटवरच्या काकीच दिसायच्या. पाच महिने मी बेडकासारखा बसून गाडी शिकलो. घरी बायको माझ्या गुडघ्यांना तेल लावायची आणि विचारायची, गाडी शिकताय की कुस्ती?

दुसरं म्हणजे ते एकच गोष्ट रोज सांगत. पहिला गिअर कसा टाकायचा हे मला तिसऱ्या दिवशी येत होतं, तरी चौथ्या महिन्यात ते मला पहिला गिअर समजावून सांगत होते, तेही इतक्या मोठ्यानं की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. मी बरोबर केलं तरी ओरडायचे. क्लचवरचा पाय काढा म्हणायचे, तेव्हा माझा पाय क्लचवर नसायचाच. एकदा तर म्हणाले, गाडीत बसायच्या आधी पदर खोचून घ्यायचा, गिअरात अडकतोय. म्हटलं, अण्णा, मी पँटमध्ये आहे. त्यावर थंडपणे म्हणाले, सांगून ठेवायचं. मला वाटलं, डोळ्यांबरोबर बाकीचंही गेलं. वाईट वाटलं आणि संतापही आला. एक दिवस मी सरळ म्हटलं, की उद्यापासून मी क्लासला जातो. मागून काकी म्हणाल्या, सर, जाऊ नका, ह्यांचं चांगलं चाललंय. काय चांगलं चाललंय ते मला कळेना, पण काकींनी कधी नव्हे ते अण्णांचं कौतुक केलं म्हणून मी राहिलो.

परीक्षा देऊन मला लायसन मिळालं. अण्णांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि परत दिलं. ही सरकारची हौस झाली, म्हणाले, आमची परीक्षा जोतिबाचा घाट. दुसऱ्या गिअरात घाट चढला की पास.

रविवार बघून निघालो. रविवार हा जोतिबाचा वार, म्हणजे रस्ताभर गाड्या. मी म्हटलंही, की मधल्या वारी जाऊ, पण काकींना रविवारीच जायचं होतं. घाटाच्या पायथ्याला, केर्लीपर्यंत, मी बरा होतो. घाट लागला, दुसरा टाकला, गाडी तक्रार न करता चढू लागली, आणि मला वाटलं, आपण उगाच ह्या माणसाला नावं ठेवली. तेवढ्यात वळणावर पुढचा टेम्पो थांबला. गुलालानं माखलेली माणसं भरलेला टेम्पो. मी थांबलो. टेम्पो निघून गेला आणि माझी गाडी बंद पडली. सुरू केली, क्लच सोडला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडून ती हातभर मागं सरकली. मागं माणसं कोंबून भरलेली वडापची जीप. तिचा हॉर्न, तिच्यातल्या माणसांच्या शिव्या. अण्णा ओरडले, हँडब्रेक! मी ओढला. मला खाली दरीच दिसत होती आणि घरी असलेलं पोर दिसत होतं.

मागून आवाज आला, "उतरा, सर. मी घेतो गाडी."

काकी बोलत होत्या. कोल्हापूरकडच्या बायका घेतो-जातो असंच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. पण त्या काय म्हणाल्या ते मला समजायलाच वेळ लागला. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी उतरलो, मागच्या चाकाला दगड लावला आणि मागच्या सीटवर भाजीच्या पिशवीशेजारी जाऊन बसलो. काकींकडे लायसन नव्हतं. कायद्यानं हे चूक होतं, मला मान्य आहे. पण त्या क्षणी कायद्यापेक्षा ती जीप जवळ होती.

काकींनी चप्पल काढून बाजूला ठेवली. पदर खोचला. सीटला त्यांनी हात लावला नाही, आरशालाही नाही. सगळं त्यांच्या मापाचं होतं. मी मागं बसून हे बघितलं आणि पाच महिने माझे गुडघे कशासाठी दुखत होते ते मला एका क्षणात कळलं. कळलं, आणि लगेच अजून गोंधळायला झालं. म्हणजे ते सगळं ओरडणं माझ्यासाठी नव्हतंच? मग मला गाडी कुणी शिकवली?

अण्णा गप्प होते. जन्मभर बोललेला माणूस. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते, चुकून हँडब्रेककडे जाऊ नयेत म्हणून. तोंड खिडकीकडं. एक शब्द निघाला असता तर ते शिकवणं झालं असतं, आणि समोर डोंगरावर जोतिबा होता. इंजिनाचा आवाज जरा खाली बसला, काकींनी हँडब्रेक सोडला आणि गाडी बोटभरही मागं न येता वर निघाली. दगड तिथंच राहिला. पहिला, मग दुसरा. वळणं आली, गेली.

वर जाऊन काकींनी गाडी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत नीट उभी केली आणि चावी काढून घेतली. तशाच बसून राहिल्या. मग समोर बघत म्हणाल्या, "डोळ्यात थेंब घालायला माणूस न्हाणीला कडी लावून बसतंय व्हय? पाच म्हयनं मी रोज बाटली बघतोय. कवा सांगणार हुता?"

अण्णांनी हात मांडीखालून काढले आणि तोंडावरून फिरवले. मीच मधे म्हटलं, काकी, माझी चूक, मला ठाऊक होतं. तर त्या म्हणाल्या, तुम्ही गप बसा सर, तुमचं बी मला ठाऊक हाय. म्हणजे काकींना सगळं ठाऊक होतं. आणि काकींना ठाऊक आहे हे अण्णांना ठाऊक होतं का? आणि तसं असेल तर ती पदराची गोष्ट ते कुणाला फसवायला माझ्या तोंडावर सांगत होते? हे कोडं मी नंतर बायकोपुढं मांडलं. ती म्हणाली, तुम्हाला लग्न म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही. असेल.

पुण्याला फोन गेला नाही. गाडी विकली गेली नाही. पुढच्या महिन्यात काकींनी रीतसर लायसन काढलं. पण मला नेहमी आठवतो तो त्याच दिवशीचा उतार.

दर्शन झालं. गुलाल लावून आम्ही परत गाडीशी आलो. मी चावीसाठी हात पुढं केला नाही आणि काकींनी ती दिलीही नाही. त्या स्टिअरिंगवर बसल्या, अण्णा शेजारी, मी मागं. घाटाच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. खाली सगळा रस्ता दिसत होता. काकी अण्णांकडे वळल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला गाडीतलं काही विचारलं, तेही जोतिबाच्या दारात.

"बोला आता. उतारावर कितव्यात ठेवू?"

उतारावरच्या गिअरवर अण्णा तासभर बोलू शकले असते. कॉलनीतल्या किती माणसांना त्यांनी ते कट्ट्यावर बसून समजावलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, तसंच गालावरून येऊ दिलं. मग म्हणाले, "तुला वाटंल तशी घे."

काकींनी मान हलवली आणि गिअर टाकला. कितवा टाकला, ते मला मागून दिसलं नाही.